लिनबाईंचे शनिवार

हॉलंडमधल्या न्यूनेनच्या त्या घरात दुपारी सर्वांत मोठा आवाज असायचा तो बॉयलरचा. आधी भिंतीत कुठेतरी टकटक व्हायची, मग घुरघुर सुरू व्हायची आणि बंद पडली की घर पूर्वीपेक्षाही शांत वाटायचं. शेजारच्या आजोबांचं दार लागल्याचं ऐकू यायचं, समोरून एखादी सायकल जायची, दर रविवारी चर्चची घंटा व्हायची. बस, एवढंच. चिंचवडला आमच्या घराखालीच आईचा दवाखाना होता. तिथे सकाळपासून चपला काढल्याचे, पोरं रडल्याचे, खलबत्त्याचे आवाज जिन्यावरून वर यायचे आणि मी त्यातच अभ्यास करायचे. न्यूनेनला आले तेव्हा इतक्या शांततेत अभ्यास कसा करायचा ते मला कळेना. महिन्याभरात मला त्याची सवय झाली. आईला झाली नाही, हे माझ्या लक्षात यायला मात्र बराच वेळ लागला.

आई आयुर्वेदाची डॉक्टर होती. बाबा इंजिनियर. आइंडहोव्हनजवळच्या एका कंपनीत चिप बनवायची यंत्रं जुळवायच्या कामावर त्याची नेमणूक झाली आणि आम्ही तिघं इकडे आलो. त्याच्या व्हिसाबरोबर आम्हा दोघींचे व्हिसा आले. आईच्या डिग्रीला इथे काहीच किंमत नव्हती. डॉक्टर म्हणून काम करायचं तर पहिल्यापासून वैद्यकीय शिक्षण घ्यावं लागेल, तेही डचमध्ये, असं तिला कुणीतरी अगदी नम्रपणे सांगितलं होतं. इथे सगळंच नम्रपणे सांगतात. ती ऐकून घरी आली, कुकर लावला आणि त्याविषयी पुन्हा काही बोलली नाही. बाबा रोज संध्याकाळी दमून यायचा, जेवायचा आणि टीव्हीसमोर बसल्या बसल्या झोपायचा. मी शाळेतून यायचे. शाळेत माझ्या नावाचं वाटोळं झालं होतं, कारण डच लोक 'ग'चा उच्चार घशातून 'ख' करतात. मी गार्गीची खारखी झाले होते आणि त्यात मला गंमत वाटत होती. वर्गातल्या मुलींबरोबर सायकलवरून वाऱ्याला तोंड देत घरी यायचं, पावाचे तुकडे चघळत गप्पा मारायच्या, हे सगळं मला फार पटकन आपलं वाटायला लागलं. डच तर मला खेळता खेळताच येऊ लागलं.

युट्रेख्टला एक चिनी डॉक्टरीणबाई आहेत, औषधी वनस्पतींचं दुकान चालवतात आणि दर शनिवारी वरच्या खोलीत शिकवतात, हे आईला आइंडहोव्हनच्या आशियाई दुकानात मेथी घेताना कळलं. आम्हाला इथे येऊन वर्ष होऊन गेलं होतं. त्या दिवशी आई पहिल्यांदा थोडी घाईघाईनं बोलली. "गार्गी, तू येशील का माझ्याबरोबर? मला अर्धंमुर्धंच कळेल. तू सांगत जा." मी कुरकुर केली, पण गेले. आधी बस, मग युट्रेख्टची ट्रेन, मग कालव्याच्या कडेनं चालणं. सायकलींच्या त्या लोंढ्यात आई रस्ता ओलांडायला बिचकायची आणि माझं मनगट धरायची.

त्यांना सगळे मेफ्राउ लिन म्हणायचे, म्हणजे श्रीमती लिन. आई पहिल्या दिवसापासून त्यांना लिनबाई म्हणायला लागली. त्या चीनमधल्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर होत्या. नवऱ्यामागे इकडे आल्या आणि तो वारल्यावरही इथेच राहिल्या. बुटक्या, ताठ, केस अगदी बारीक कापलेले. त्यांचं डच तुटक होतं, पण एकही शब्द वाया जायचा नाही. वर्गात पाच-सहा डच बायका आणि मालिश करणारा एक उंच माणूस होता. जिना चढताना जो वास यायचा तो मी आजही ओळखेन: ओली माती, जुनं लाकूड, त्यात ज्येष्ठमधाची गोडसर झाक. आई दारातच थांबली आणि तिनं खोल श्वास घेतला. "दवाखान्याचा वास आहे गं," ती म्हणाली.

चिनी औषधांची मूळ तत्त्वं मी शिकले ती अशी, आईला सांगता सांगता. लिनबाई डचमध्ये बोलायच्या, मी आईच्या कानात मराठीत सांगायचे, आणि आई ते मनातल्या मनात आयुर्वेदात नेऊन ठेवायची. पहिल्याच शनिवारी आमची गाडी अडली. प्रत्येक औषधाचा एक स्वभाव असतो, बाई म्हणाल्या. चार स्वभाव. गरम आणि कोमट मला सांगता आलं. पुढचे दोन शब्द मी थंड आणि गार असे सांगितले.

"थंड आणि गार एकच की," आई म्हणाली.

"नाही, दोन आहेत. वेगवेगळे."

आई म्हणाली, "माठातलं पाणी गार, फ्रिजमधलं थंड. कळलं. पुढे काय म्हणतायत?"

पुढे चवी होत्या. तिखट चव घाम आणते, अडलेलं हलवते. गोड चव भरून काढते. कडू खाली उतरवते आणि सुकवते. खारट कठीण गाठ मऊ करते. आंबट धरून ठेवते, गळती थांबवते. बाईंनी पाच बोटं मिटली आणि मूठ दाखवली. आईनं लगेच हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. "गार्गी, विचार त्यांना, तुरट कुठे गेलं? आमच्याकडे सहा आहेत." मला तुरटला डच शब्द येईना. मी म्हणाले, कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ जशी होते तसं. मग जांभळाचं उदाहरण दिलं, ते कुणालाच कळलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. लिनबाई उठल्या, एका खणातून वाळलेला तपकिरी तुकडा काढला आणि आईच्या हातावर ठेवला. आईनं तो दाताखाली धरला मात्र, आणि तिचा चेहराच बदलला. "डाळिंबाची साल!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की मालिशवाला दचकला. बाई म्हणाल्या, हे आमच्याकडे आंबटाच्या घरात राहतं. आईला ते मुळीच पटलं नाही. परतीच्या ट्रेनमध्ये ती मला समजावत राहिली की तुरट आणि आंबट एका घरात नांदूच शकत नाहीत. इतक्या महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती.

मग आमच्या स्वयंपाकघरात मातीचं भांडं आलं. आई काढे करून बघायची आणि स्वतःच प्यायची. मंद आचेवर ते रटरटत राहायचं आणि पडद्यांनासुद्धा वास लागायचा. बाबा घरात शिरताना नाक धरायचा. "वैशाली, कंपनीत लोक माझ्या कोटाचा वास घेतात," तो म्हणायचा, पण हसून. मला वाटतं, घरात काहीतरी शिजतंय याचाच त्याला आनंद होता. जेवताना आई त्याला सांगायची की चिनी वैद्य एकच औषध कधी देत नाहीत, मोळी देतात. मोळीत एक राजा असतो, तो मुख्य दुखण्यावर चाल करतो. मंत्री त्याला बळ देतो. साहाय्यक राजाचा तापटपणा आवरतो किंवा बाकीची बारीकसारीक कामं करतो. आणि दूत सगळ्यांना योग्य जागी घेऊन जातो आणि त्यांची भांडणं सोडवतो. बहुतेक वेळा ते काम ज्येष्ठमधाकडे असतं. "आणि एकाच खोकल्याला दोन माणसांना दोन वेगळी औषधं," आई म्हणायची, "कारण खोकल्याला औषध द्यायचंच नसतं, माणसाला द्यायचं असतं. आपल्यासारखंच आहे की नाही?" बाबा मान डोलवायचा आणि त्याचे डोळे मिटत जायचे. मी वरणभात कालवत दोघांकडे आळीपाळीनं बघायचे.

हे लिहिताना मी त्या वेळच्या आईच्या वयाची झाले आहे. शाळेत भूगोल शिकवते, घरी आले की मुलीला मराठीत हाक मारते आणि ती डचमध्ये ओ देते. काही संध्याकाळी दाराशी बूट काढायलाही वाकवत नाही. तेव्हा आईला असं दाराशी थांबलेलं मी अनेकदा पाहिलं होतं. मला वाटायचं ती काहीतरी आठवते आहे. दमणं म्हणजे धावणं, काम करणं, घाम येणं, एवढंच मला माहीत होतं. दिवसभर घरी असलेलं माणूस कशानं दमणार?

नाडीचा वर्ग आला तो वसंतात. बाहेर झाडं नुकती फुटली होती, खिडकी उघडी होती आणि खालून सायकलींच्या घंटा ऐकू येत होत्या. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवायची आणि प्रत्येक बोटाखाली वेगळं ऐकायचं, बाई सांगत होत्या. वर तरंगणारी नाडी, खोल गेलेली, घसरणारी, तारेसारखी ताणलेली. आईला हे सगळं येत होतं. तिनं आयुष्यभर नाड्याच पाहिल्या होत्या. म्हणून बाईंनी नमुना म्हणून कोण बसतंय विचारलं तेव्हा ती मोठ्या हौसेनं पुढे गेली आणि बाही सारून हात उशीवर ठेवला. मी शेजारी स्टुलावर बसले. लिनबाईंनी डोळे मिटले. खूप वेळ गेला. मग दुसरा हात घेतला. मग जीभ बघितली. वर्गाला त्यांनी एवढंच सांगितलं, की नाडी दोऱ्यासारखी बारीक आहे, जीभ फिकी आहे, कडेला दातांचे ठसे आहेत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आईला विचार, ती कशानं दमली आहे."

मी विचारलं. आई हसली. "सांग त्यांना, मी दमलेली नाही. घरीच असते."

मी तसं सांगितलं. बाईंनी हात सोडला नव्हता. "दमली आहे का, असं मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "कशानं, असं विचारलं."

मी तेही सांगितलं. आई खिडकीकडे वळली. मग ती मराठीत बोलायला लागली, माझ्याशी नाही, त्या उशीवरच्या हाताशी बोलल्यासारखी. "मी रोज सकाळी तयार होते. दवाखान्यात जायच्या वेळेला. केस विंचरते, कुंकू लावते, चांगले कपडे घालते. आणि मग खिडकीत उभी राहते. पोस्टमन येतो, जातो. या देशात कुणाचंही पोट माझ्यासाठी दुखत नाही. दुपारी मी जेवत नाही, एकटीनं घास उतरत नाही. संजय आला की त्याला बरं वाटावं म्हणून बोलते, गार्गी आली की तिला बरं वाटावं म्हणून बोलते. त्यातच सगळा जीव जातो." ती थांबली. मला वाटलं संपलं, मी तोंड उघडलं, पण तिनं मान हलवली. "त्यांना सांग, त्यांचं शास्त्र छान आहे. पण मला ते नकोय. मी इथे येते ते वासासाठी. मला माझं काम हवंय. माझी माणसं हवीत. मला घरी जायचंय."

वर्गातल्या लोकांना शब्द कळले नव्हते, पण आवाज कळला होता. यातलं एक वाक्यही मला ठाऊक नव्हतं. रोज मी दार उघडून आत यायचे आणि ती म्हणायची, आलीस का, काय खाणार? मी लिनबाईंकडे बघून सगळं सांगितलं, तिनं सांगितलं त्याच क्रमानं. पोटाचं वाक्य डचमध्ये विचित्र झालं. जेवणाचं सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून ती बोलते हेही माझ्याच तोंडानं सांगितलं. शेवटचं वाक्य डचमध्ये फार छोटं होतं.

बाईंनी आईचा हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला, बाही खाली ओढली. मग हळूहळू, मला सांगायला वेळ मिळेल असं थांबत बोलल्या. "आधी हाउसआर्ट्सकडे, तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा, रक्त तपासून घे. दुपारी गरम आणि मऊ काहीतरी खा, एकटी असलीस तरी. ताकद वाढवायचं औषध मी तुला देणार नाही. आमच्याकडे एक नियम आहे. घरात चोर असताना दार लावून घ्यायचं नाही. ताकदीचं औषध दार लावतं. चोर आतच राहतो." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "माझी नाडी अशीच होती. मी राहिले. ते बरोबर केलं असं मी कुणालाही सांगत नाही."

परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. हिरवी सपाट शेतं मागे पळत होती, गाई एका दिशेला तोंड करून उभ्या होत्या. आई म्हणाली, "मी बोलले ते सगळं सांगितलंस?"

"हो."

"शास्त्र नको म्हणाले, तेसुद्धा?"

"हो."

"अरे देवा," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं केलंस." आणि खिडकीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले. आइंडहोव्हन आलं तेव्हा मला तिला हलवून उठवावं लागलं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी होतं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तिनं त्या घेतल्या, दुपारी मुगाची खिचडीही खायला लागली आणि थोडी बरीही दिसायला लागली. एका रविवारी जेवणं झाल्यावर ती टेबलावरची ताटं न उचलताच बसून राहिली. "संजय," ती म्हणाली, "मी चिंचवडला जाते. दवाखाना परत उघडते."

बाबा पाणी पीत होता. त्यानं पेला खाली ठेवला. "किती दिवसांसाठी?"

"दिवसांसाठी नाही रे."

तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "माझं काय चुकलं ते तरी सांग," तो म्हणाला.

"तुझं काही चुकलं नाही. तू दमून येतोस तेव्हा तुझ्याकडे बघवत नाही, पण त्या दमण्यात तुझं काहीतरी असतं. माझ्या दमण्यात माझं काहीच नाही."

बाबा उठून स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला, बंद केला, परत आला. मग त्यानं मला विचारलं. खुर्ची माझ्याकडे वळवून, मोठ्या माणसाला विचारावं तसं. "गार्गी, तुला काय हवंय? आमच्याकडे बघू नकोस. तुझं सांग."

आईकडे बघायचं नाही असं त्यानं सांगितलं होतं, तरी मी बघितलं. ती टेबलावरचा भाताचा कण बोटानं टिपत होती. मला माझी शाळा डोळ्यांसमोर आली, मैत्रिणी आल्या, वाऱ्यात सायकल चालवताना मोठमोठ्यानं मारलेल्या हाका आल्या. चिंचवडच्या शाळेतली मराठी आता माझ्या हातून नीट लिहिलीसुद्धा जाणार नव्हती. "मला इथे राहायचंय," मी म्हणाले.

आईनं मान डोलावली. ती रडली नाही. उठून तिनं ताटं गोळा केली, आणि मी मदतीला उठले तर म्हणाली, "बस तू. मी करते." इथे राहायचंय म्हणाले, त्या वाक्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. पण ते वाहून मी दमले आहे, हे खरं. लोक आजही विचारतात, आईवडिलांचा घटस्फोट झाला होता का? नाही झाला. दर उन्हाळ्यात आम्ही जायचो, दर डिसेंबरात ती यायची, आंब्याची पोळी आणि भाजणी घेऊन. दोन घरं होती आणि दोन्हीकडे कुणीतरी एक माणूस कमी असायचं. तिच्या दवाखान्यासमोर तोवर दुसऱ्या डॉक्टरची पाटी लागली होती. जुने पेशंट हळूहळू परत आले, सगळे नाही. फोनवर ती कधी तक्रार करायची, गुडघे दुखतात, कंपाउंडर पळाला, पाणी आलं नाही. पण ती बोलता बोलता मध्येच, "थांब गं, कुणीतरी आलंय," म्हणून फोन ठेवायची, तेव्हा तिचा आवाज मी चिंचवडच्या जिन्यात ऐकायचे तसा असायचा.

निघायच्या आदल्या शनिवारी आई लिनबाईंना भेटायला एकटीच गेली. मी येऊ का विचारलं तर नको म्हणाली. दोघी एकमेकींशी काय आणि कुठल्या भाषेत बोलल्या ते मला माहीत नाही. येताना तिच्या पिशवीत डाळिंबाच्या सालीची पुडी होती. "त्यांना अजून वाटतं ती आंबट आहे," ती म्हणाली.

स्खिपोल विमानतळावर आम्ही तिघं फार वेळ आधीच पोचलो होतो. आईनं माझी वेणी सोडून पुन्हा घातली, सगळ्यांदेखत, आणि मी घालू दिली. आत जाताना ती एकदाच वळली. मग ती दिसेनाशी झाली आणि बाबा आणि मी उगाचच त्या काचेसमोर उभे राहिलो. गाडीत बसल्यावर दोघांनाही भूक लागल्याचं कळलं. बाबानं विमानतळाजवळच्याच बाडहूव्हडॉर्प गावात गाडी वळवली, एका टपरीवर मेयोनेझ घातलेले बटाट्याचे तळलेले काप घेतले आणि आम्ही गाडीतच बसून खायला लागलो. दर थोड्या वेळानं डोक्यावरून एक विमान जायचं आणि काचा थरथरायच्या. त्यातलं कुठलंही तिचं असू शकलं असतं.

काप निम्मे संपल्यावर बाबा म्हणाला, "तू जायचं म्हणाली असतीस ना, तर मीही आलो असतो. राजीनामा देऊन."

माझा घास तोंडातच राहिला. "मग तसं सांगायचंस ना आधी!"

बाबानं कागदी रुमालानं बोटं पुसली, एकेक करून. "सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू खरं बोलली नसतीस." मग त्यानं उरलेले काप माझ्याकडे सरकवले आणि गाडी सुरू केली.